माळ्यावरचे बावटे खाली काढा

प्रति,
अध्यक्ष, सरचिटणीस आणि कार्यकारिणी सदस्य,
महाराष्ट्रातील सर्व कामगार संघटना

साथींनो,

तुमच्यापैकी कुणाच्या कचेरीत ‘लाल सलाम’ चालतो, कुठे ‘जय भीम’, कुठे ‘वंदे मातरम’, कुठे ‘जय महाराष्ट्र’. तुमच्याकडे जो नमस्कार रूढ असेल तो माझ्याकडून घ्यावा. हे पत्र एका संघटनेला नाही, कारण माझी जी तक्रार आहे तिच्याबाबत सगळ्या रंगांच्या झेंड्यांचे दुर्मीळ एकमत आहे. मोर्चात मिरवलेले जुने कापडी फलक, बॅनर, बावटे सांभाळून ठेवायचे असतात, असे आपल्यापैकी कुणालाच वाटत नाही.

आपला इतिहास कागदावर बऱ्यापैकी आहे. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांची निवेदने आहेत. ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत आयटक (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस) स्थापन झाली, त्या अधिवेशनाचा वृत्तान्त आहे. १९२८ च्या गिरणी संपानंतर सरकारने नेमलेल्या फाउसेट चौकशी समितीपुढचे कामकाज आहे. कामगार पुढाऱ्यांवर कटाचा आरोप ठेवलेल्या मीरत खटल्यात सरकारपक्षाने मांडलेल्या पुराव्यांचा तर ढीग आहे. गंमत बघा, आपल्या चळवळीचे कागद आपल्यापेक्षा इंग्रज सरकारनेच जास्त काळजीने ठेवले. कुठल्या सभेत कोण काय बोलले हे पोलिसांना हवे होते, म्हणून ते लिहिले गेले आणि टिकले. त्या सभेला येताना कामगारांनी हातात काय धरले होते, त्यावर कुठली अक्षरे होती, ती कुणी रंगवली, हे पोलिसांच्या कामाचे नव्हते. ते कापड आपल्याकडे राहिले आणि आपणच ते घालवले.

बाकी सगळीकडे कामगाराची ओळख दुसऱ्याने लिहिलेली असते. हजेरीपटावर मालकाची माणसे लिहितात, खटल्यात पोलीस, करारात वकील, वर्तमानपत्रात बातमीदार. जगाने आपल्याला कुठल्या नावाने ओळखावे हे कामगाराने स्वतः ठरवले, असे फार थोड्या ठिकाणी घडले. मोर्चातले कापड ही त्यातली एक जागा. म्हणून ते फाटके असले तरी मला ते ठरावाच्या फायलीपेक्षा मोलाचे वाटते.

परदेशातला एक दाखला देतो. लांबचा आहे, पण आपल्याला नेमका लागू पडतो. इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम हा कोळसा खाणींचा जिल्हा. १८७१ साली तिथल्या खाणकामगारांनी आपला पहिला मेळावा भरवला, आणि आजही जुलैच्या दुसऱ्या शनिवारी तो भरतो. प्रत्येक खाणीची युनियनची शाखा आपला बॅनर आणि आपला बँड घेऊन गावातून निघते आणि शहरात येते. बॅनर म्हणजे दोन काठ्यांमध्ये ताणलेला, दोन्ही बाजूंनी चित्रे रंगवलेला रेशमाचा भलामोठा पट. वारा भरला की तो माणसांना ओढत नेतो, म्हणून चार बाजूंनी दोर धरून चालावे लागते. ज्या खाणीत त्या वर्षी अपघाती मृत्यू झाला असेल तिच्या बॅनरवर काळे कापड बांधत. १९५१ च्या मे महिन्यात ईझिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ८३ माणसे गेली. त्या जुलैत ईझिंग्टनचा बॅनर काळ्या पट्टीनिशी रस्त्यावर आला. भाषणाची गरज नव्हती. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती पट्टी वाचता येत होती.

त्या जिल्ह्यातली शेवटची खोल खाण १९९० च्या दशकातच बंद झाली. मेळावा बंद झाला नाही. खाणीत कधीही न उतरलेली मुले आज त्या काठ्या धरतात. जुना बॅनर जीर्ण झाला तर गाव वर्गणी काढते, नवा करून घेते, आणि जुना काचेआड ठेवते. धंदा गेला, पण ओळख गावाकडे राहिली. आपल्याकडे गिरण्या गेल्या तेव्हा ओळखीचे काय झाले, याचा विचार हे वाचताना तुमच्या मनात येईलच.

त्या बॅनरांवर काय असते? चेहरे असतात, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढे तुम्ही मला पकडाल. चॉपवेल गावच्या बॅनरवर मार्क्स, लेनिन आणि ब्रिटिश मजूर पुढारी कीर हार्डी आहेत. पण चेहऱ्यांइतकीच इतरही चित्रे दिसतात: म्हाताऱ्या खाणकामगारांसाठी युनियनने बांधलेली घरे, आजारी माणसाच्या उशाशी मदतीचे पैसे घेऊन आलेला सभासद, हातात घेतलेला हात. आणि एक चित्र तर आपल्या शाळेच्या पुस्तकातले. म्हातारा बाप, त्याचे मुलगे आणि न मोडणारी काठ्यांची मोळी. एकीचे बळ! ब्रिटनमधल्या कितीतरी संघटनांनी तीच गोष्ट रेशमावर काढून घेतली.

हे बॅनर बनवणे हा धंदाच होता. जॉर्ज टटिल नावाच्या माणसाने १८३७ साली लंडनमध्ये तो सुरू केला. तरुणपणी तो जत्रांमध्ये खेळ करत फिरायचा, त्यामुळे लांबून दिसायचे कसे हे त्याला पक्के ठाऊक. रेशमावर तैलरंग वाळला की घडीवर तडकतो. त्यावर तोड म्हणून रबर मिसळलेला लेप लावायची पद्धत त्याने काढली आणि १८६१ साली तिचे पेटंट घेतले. ब्रिटनमधल्या संघटनांचे बहुतेक मोठे बॅनर याच कारखान्यातून गेले. यात एक खोचही आहे. कामगारांच्या एकजुटीची चित्रे एका व्यापाऱ्याच्या नमुनावहीतून निवडली जायची, त्यामुळे कितीतरी बॅनर एकमेकांच्या नकला वाटतात. आपल्याकडे तसे झाले नाही. आपल्याला कुणी टटिल मिळाला नाही, हे एका परीने बरेच झाले.

मँचेस्टरला पीपल्स हिस्टरी म्युझियम नावाचे संग्रहालय आहे. तिथे असे शेकडो बॅनर आहेत आणि कापड दुरुस्त करणारी स्वतंत्र कार्यशाळाही आहे. त्यांच्याकडे लिव्हरपूलच्या पत्राकाम करणाऱ्या कारागिरांचा १८२१ चा बॅनर आहे. तेव्हा इंग्लंडात कामगारांनी संघटना करणेच बेकायदा होते. तो कायदा १८२४ साली रद्द झाला. म्हणजे संघटना लपवून ठेवायची त्या काळातले कापड त्यांनी दोनशे वर्षे जपले. आपली संघटना कायदेशीर, नोंदणीकृत, दरवर्षी हिशेब सादर करणारी, आणि आपल्याला मागच्या पिढीतला बॅनर दाखवता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ.

आपले बॅनर रेशमाचे नव्हते. लाल सुती कापड, त्यावर पांढऱ्या रंगाची अक्षरे, दोन बाजूंना दोन बांबू. अक्षरे कधी सरळ, कधी ओळीच्या शेवटी जागा कमी पडली म्हणून दाटलेली. फोटो नीट पाहिलेत तर कितीतरी बॅनरांवर काना-मात्रा चुकलेल्या दिसतील, आणि त्या चुका मला फार प्रिय आहेत, कारण ते लिहिणारा माणूस दिवसपाळी करून आलेला असणार. एखाद्या संघटनेने अक्षरे पांढऱ्या कापडाची कापून शिवून घेतली असतील, तर त्यामागे कुणा बाईचे मशीन आणि कुणा बाईची रात्र असणार. हे सगळे त्या कापडावर नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. छापील अहवालात यातले काही सापडत नाही.

मजकुराचेही तेच. मे १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, आळवे ही नावे आपल्याला पाठ आहेत. त्या वर्षीच्या गिरणी संपात दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर राहिले आणि वर्ष संपेपर्यंत युनियनचे सभासद ५०,०००च्या वर गेले. पण लाल बावट्याची खरी ताकद होती गिरणीगणिक निवडलेल्या कमिट्यांमध्ये. अमुक गिरणीची कमिटी, तमुक खात्याचे प्रतिनिधी. म्हणून जुन्या मोर्चांतला कामगार नुसता ‘कामगार’ नसायचा. तो साचेखात्याचा म्हणजे विणाईचा असायचा, त्रासनखात्याचा म्हणजे कताईचा, बदली असायचा, कायम असायचा, आणि आपल्या गिरणीच्या नावामागे चालायचा. गिरणगावात माणसाला आधी गिरणी विचारत आणि मग गाव.

ती गिरणी गेली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तांत्रिकदृष्ट्या ती माणसे अजून संपावर आहेत, असे परळच्या नाक्यावर अर्धे चेष्टेत, अर्धे खरे सांगितले जाते. मधल्या काळात चिमण्या पाडल्या, टॉवर उभे राहिले. तरी ‘गिरणी कामगार’ ही ओळख मेली नाही. घरांसाठी अर्ज मागवले तेव्हा दीड लाखांहून जास्त माणसांनी, त्यांच्या वारसांनी, जुने पास, तिकीट नंबर, भविष्यनिर्वाह निधीच्या पावत्या शोधून काढल्या. सरकारने पुरावा मागितला म्हणून कागद जपले गेले. बॅनरचा पुरावा कुणी मागितला नाही.

कचेऱ्या हलवताना काय होते ते मी पाहिले आहे. कुठली संघटना ते सांगत नाही. ती एकटी दोषी नाही. भाडे परवडेना म्हणून जागा लहान झाली, टेंपो आला, आणि माळ्यावरून गठ्ठा खाली आला. टेबल, कपाट, नेत्यांच्या तसबिरी नव्या जागेत गेल्या. गठ्ठ्यातले कापड बांबूला गुंडाळलेले होते. बांबू कुणीतरी मांडवासाठी मागून नेले. कापडाने फरशी पुसली गेली. पुसणारा पोरगा चांगला होता, त्याने विचारलेही, “हे ठेवायचे का?” उत्तर मिळाले, “नवीन फ्लेक्स करू.”

त्या फ्लेक्सबद्दल थोडे रागाने लिहितो. फ्लेक्स स्वस्त आहे, रातोरात होतो, हे खरे. तीन दिवसांत गेटमीटिंग लावायची तर पेंटरची वाट बघत कोण बसेल? पण फ्लेक्सबरोबर मजकूरही बदलला. वरच्या कोपऱ्यात राष्ट्रीय नेत्यांचे गोल, मध्ये अध्यक्षांचे हात जोडलेले छायाचित्र, खाली ‘सौजन्य’ म्हणून आठ-दहा चेहरे. मागणी उरलेल्या जागेत. खात्याचे नाव नाहीच. वाढदिवसाचा फ्लेक्स आणि १ मेचा फ्लेक्स शेजारी लावले तर लांबून फरक कळत नाही. चेहरे डरहॅमच्या बॅनरवरही होते हे मी वर कबूल केले आहे, पण तिथे खाणीचे नाव पुसून चेहरा आला नाही. आपल्याकडे आला. ‘आम्ही कोण’ असे लिहायच्या जागी ‘आमचे साहेब कोण’ असे लिहिले जाऊ लागले, आणि त्याच काळात कंत्राटी कामगार, सफाई कामगार, अंगणवाडी सेविका, ऑर्डर पोचवणारी पोरे ‘आम्ही कोण’ या प्रश्नाचे उत्तर शोधत रस्त्यावर येत होती. त्यांना द्यायला आपल्याकडे नमुना नव्हता.

जपायचे म्हणजे फक्त गौरवाचे जपायचे, असे मी म्हणत नाही. कापडावर काय नव्हते, हेही त्यातून कळते. गिरण्यांच्या साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. बॉबिन बदलताना धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होतो, असे कारण सांगत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न युनियनच्या नेत्यांपुढे ठेवला, तेव्हा कुठे तो मागण्यांत आला, तोही कुरकुरत. तो किती बॅनरांवर आला? दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपावर बंधने आणणाऱ्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्या दिवसाचे दोन्ही बाजूंचे कापड शेजारी शेजारी मांडलेले बघायला मी काय वाटेल ते देईन.

बायकांचेही असेच. २४ एप्रिल १८९० ला लोखंड्यांनी भरवलेल्या गिरणी कामगारांच्या सभेला सुमारे १०,००० माणसे होती आणि दोन बाया बोलल्या, एवढी नोंद आहे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. पुढे उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर गिरणगावात पुढे होत्या. ब्रिटनच्या रेशमावर बाई येते ती बहुधा न्यायदेवता होऊन, किंवा विधवा होऊन. यंत्रावर उभी असलेली बाई क्वचित. आपल्या बॅनरांवर ती कशी होती, याचे उत्तर तुमच्या माळ्यावर आहे. असेल तर.

आणि दुसऱ्याचे बॅनरही टाकू नका. राष्ट्रीय मिल मजदूर संघाचे, हिंद मजदूर सभेचे, दत्ता सामंतांच्या संघटनेचे, भारतीय कामगार सेनेचे, १ मेऐवजी विश्वकर्मा जयंती पाळणाऱ्या भारतीय मजदूर संघाचेही. गिरणगावात या झेंड्यांमध्ये रक्त सांडले आहे. १९७० साली कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, ते विसरायचे कारण नाही. पण हातात आलेला विरोधी संघटनेचा बॅनर जाळला तर आपल्याच भांडणाचा पुरावा जळतो. सोलापूर, नाशिक, जळगाव, नागपूर, कोल्हापूर इथल्या संघटनांना हे विशेष सांगतो, कारण सगळा इतिहास मुंबईचाच असल्यासारखे आम्ही मुंबईकर बोलतो. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे कामगार चळवळीतले होते. त्या गावात जुन्या युनियनच्या पेट्या कुणाच्या घरी आहेत, याची चौकशी तुमच्याखेरीज कोण करणार?

कुणी म्हणेल, पगार थकलेत, नवे श्रम कायदे डोक्यावर आहेत, संघटना टिकवायची की फडकी? प्रश्न रास्त आहे. पण मी मागतो आहे त्याला निधी लागत नाही, एक शनिवार लागतो.

माळ्यावरचे जे असेल ते खाली काढा. धुऊ नका, हे सगळ्यात आधी. जुना लाल रंग पाण्यात सुटतो आणि पांढऱ्या अक्षरांवर चढतो. इस्त्री नको, चिकटपट्टी नको, स्टेपल नको, आणि कृपा करून लॅमिनेशन तर मुळीच नको. स्वच्छ चादरीवर पसरा, दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. घडीवर रंग तडकतो, म्हणून घडी घालू नका. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेले कोरे मलमल गुंडाळा, त्यावर बॅनर रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा, वरून पुन्हा मलमल. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केले तर मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी येईल. बांबू, दोऱ्या, खिळे, त्यावर लटकलेली बिल्ल्यांची माळ, सगळे त्याचाच भाग आहे, वेगळे करू नका. आणि ज्यांनी तो धरला ती माणसे हयात असतील तर त्याच दिवशी बोलवा. कुठल्या मोर्चासाठी, कुणी लिहिला, कापड कुठून आणले, हे फोनवर रेकॉर्ड करा. कापड आणखी पाचेक वर्षे निघेल. ती माणसे थांबतीलच असे नाही.

ठेवायचे कुठे, हा पुढचा प्रश्न, आणि इथे माझे मत पक्के आहे: मालकी संघटनेकडेच राहावी, सांभाळ संस्थेकडे द्यावा. परळला लोखंड्यांच्या नावाची महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे, कामगार विषय शिकवणारी. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत १९९८ पासून भारतीय कामगारांचा डिजिटल अभिलेख संग्रह आहे. फोटो आणि आठवणी तिथे जाऊ शकतात. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेत महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचा प्रकल्प हाती घेतला आहे. तिथे साचे आणि चात्या नक्की येतील. यंत्रे मांडायला सोपी असतात. यंत्र थांबवणारी माणसे तिथे यायची असतील तर त्यांचे कापड तुम्हालाच न्यावे लागेल, सही-शिक्क्याची पोच घेऊन, आणि बॅनरवरच्या घोषणेतला एकही शब्द झाकायचा नाही अशी लेखी अट घालून. ही अट मी हौसेने सुचवत नाही. संग्रहालयांना वाद आवडत नाहीत.

मूळ कापड रस्त्यावर आणायचे नाही. त्याची हाताने केलेली नक्कल आणा. त्याच मापाची, त्याच चुकांसकट, आणि त्यासाठी पेंटरला त्याचे पूर्ण पैसे द्या. फ्लेक्समुळे ज्यांचा धंदा बसला तेही कामगारच होते. हुतात्मा चौकातल्या स्मारकात एक शेतकरी आणि एक कामगार मिळून मशाल धरून उभे आहेत. १ मे १९६० ला हे राज्य झाले तो दिवस कामगारांचाही, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. येत्या १ मेला त्या चौकात प्रत्येक संघटनेने आपल्या सगळ्यात जुन्या बॅनरची नक्कल घेऊन यावे, नेत्यांच्या छायाचित्राशिवाय, आणि त्या वर्षी कामावर मेलेल्या सभासदांसाठी त्यावर काळी पट्टी बांधावी. गटारात उतरलेले, बांधकामावरून पडलेले, बॉयलर फुटून गेलेले. ती नावे तुमच्याकडे आहेत. नसतील तर तो दुसऱ्या पत्राचा विषय.

त्याआधी दसऱ्यापर्यंत प्रत्येक कचेरीने एक पानाची यादी करावी: काय आहे, किती आहे, कुठल्या अवस्थेत आहे. काही नसेल तर ‘काही नाही’ असेही लिहून द्यावे, म्हणजे सभासदांच्या घरी शोध घेता येईल. यादी सगळ्यांनी सगळ्यांना पाठवावी. बैठक कुणाच्या कचेरीत, यावरून मात्र भांडू नका, पाळीपाळीने घ्या. चहाचा खर्च मी देतो, आणि कापड पसरायला, गुंडाळायला हातही.

कळावे.

आपला,
वर्गणीची पावती अजून जपून ठेवलेला एक जुना सभासद